डोळ्यातलं पिवळं डमरू

६ फेब्रुवारी १९७८, सोमवार

हे रजिस्टर रिजेक्ट माल आहे. बाइंडिंगवाल्यानं मधली पानं उलटी शिवली म्हणून स्टोअरमधून रद्दीत निघालं होतं. मी रीतसर गेटपास करून घरी आणलं. आमचे सुपरवायझर उद्धवराव सही करताना म्हणाले, "कस्तुराबाई, आता घरीपण तपासणी का?" मी म्हटलं, "तुमच्या घरी नाही ना येत? मग करा सही."

सवय लागलीय तपासायची, त्याला मी तरी काय करू? अकरा वर्षं झाली. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या, म्हणजे अँप्युल, बनतात आणि त्यातली कुठली फुटणार हे फुटायच्या आधी सांगणं हे माझं काम. भट्टीनंतर काच सावकाश थंड झाली नाही तर तिच्यात ताण राहतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. माझ्या पेटीत एक दिवा आहे आणि त्याच्यापुढं दोन काळ्या काचा. दोन्ही एकमेकींना आडव्या बसवल्या की अंधार. त्या अंधारात, दोन्ही काचांच्या मधे, अँप्युल धरायची. धड असेल तर अंधार तसाच राहतो, ताण असेल तर मानेपाशी चकाकते. चकाकली की टाक डब्यात. तपासणीच्या बाकावर बसलेली मी पहिली बाई. आता शेजारी भिमाबाई असते, पण पहिली मी. हे इथं लिहून ठेवते.

अजून एक लिहून ठेवते, कारण सांगितलं तर लोक हसतात. रोज सकाळी मागची काळी काच पुसून परत बसवावी लागते. चौकटीवरची खूण कधीच झिजली. बाकीचे ती इकडून तिकडे फिरवत बसतात. मी नुसतं एका काचेतून दिव्याकडे बघते. जिथं बघते तिथंच मधोमध एक फिकट पिवळं डमरू उमटतं आणि थोड्या वेळानं विरतं. काच फिरवली की डमरूही फिरतं. ते बरोबर आडवं झालं की काच बसली. भिमाबाई म्हणते, "कस्तुरा, तुला सकाळचा चहा कमी पडतोय."

८ फेब्रुवारी, बुधवार

कारखान्यात दरवर्षीची डोळे तपासणी झाली. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. त्याच्याखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचून दाखवलं. डॉक्टरसाहेब खूश. मग त्यांनी विचारलं, "डोळ्यांपुढे डाग वगैरे दिसतात का?"

मी म्हटलं, "दिसतो ना. पिवळा. रोज सकाळी."

झालं! पेन थांबलं. किती दिवसांपासून, केवढा, हलतो का, असं विचारत गेले आणि मी शहाण्यासारखी सांगत गेले. शेवटी कागदावर लिहिलं: दृष्टिदोष, तपासणीच्या कामास अयोग्य. शुक्रवारपासून मी पॅकिंगला.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या डमरूवरच तर माझं काम चालतं!

घरी येऊन ह्यांना सांगितलं. आमचे हे, किसन, भोसरीला एका ओतकामाच्या कारखान्यात क्रेन चालवतात. वाटलं, दोन शब्द धीराचे बोलतील. तर माझ्यावरच डाफरले, "डॉक्टरला कुणी खरं सांगतं व्हय? गप बसायचं हुतं!" एवढं चिडायला ह्यांना काय झालं कळेना. बाक माझा गेलाय, ह्यांची क्रेन नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

लेबलं चिकटवतेय. डिंक, लेबल, डिंक, लेबल. माझ्या जागी आलेल्या माणसाला काच बसवायला अर्धा तास लागतो असं भिमाबाई सांगत होती. मला बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं.

संध्याकाळी संडासात जाऊन रडले. संत तुकाराम नगरातल्या ह्या नव्या खोलीत रडायला तेवढीच जागा आहे. बाहेर आले तर ह्यांनी माझ्यासाठी चहा केलेला. कपात कमी आणि बशीच्या बाहेर जास्त. गेले काही दिवस असंच ओततात. मी म्हटलं, "अहो, कप इकडं आहे." ते हसले. मीही हसले.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

आज आमची दोघांची सुट्टी. लेक इंद्रायणीसुद्धा जर्नल पुरं करायला घरी थांबली. पुण्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. बरणीतून काहीतरी आणलं होतं तिनं. झाकण उघडताच घरभर औषधाचा उग्र वास. बघते तर माझ्या पिठाच्या परातीत एक डोळा!

"इंद्रायणी! ती परात आहे!"

"आई, धुऊन देते गं. माकुळाचा आहे. ऑक्टोपसचा भाऊबंद. आठ हात, वर दोन लांब सोंडा."

"मग त्याचे हात कापायचे, डोळा कशाला?"

पण तिनं ब्लेड लावलं तशी मी जवळ सरकले. तपासणीवालीच ना मी. आतलं भिंग निघालं, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढं. बरणीत राहून पांढरं पडलेलं, पण जिवंतपणी काचेसारखं असतं म्हणे. आणि ते दोन अर्ध्यांचं, मधे जोड! आमच्याकडं असा माल आला असता तर मी डब्यात टाकला असता.

मग तिनं जर्नलमधलं चित्र दाखवलं. आपल्या डोळ्यात मागं पडदा असतो आणि त्याच्या नसा पडद्याच्या पुढच्या बाजूनं येतात. त्या बाहेर काढायच्या तर पडद्याला भोक पाडावं लागतं. तेवढ्या जागेवर माणूस आंधळा. माकुळाच्या नसा सरळ मागूनच निघतात. भोक नाही, आंधळी जागा नाही.

मी म्हटलं, "माझ्या डोळ्यात भोक? मी दिवसाला हजारो अँप्युल बघते!"

तिनं कागदावर डावीकडे फुली काढली आणि उजवीकडे ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्यानं फुलीकडेच बघायचं आणि कागद हळूहळू जवळ आणायचा. आणला. आणि काय सांगू, ठिपका गेला! कोरा कागद. पुन्हा केलं, पुन्हा गेला. राग आला मला त्या ठिपक्याचा.

ह्यांनीही कागद घेतला. जरा वेळानं म्हणाले, "माझा ठिपका हाय की. फुलीच जातीय."

आम्ही मायलेकी पोट धरून हसलो. "बाबा, ज्याच्याकडं बघताय ते कसं जाईल? कागद उलटा धरलाय तुम्ही!" ह्यांनी मुकाट्यानं कागद खाली ठेवला.

खरी गंमत पुढं. माकुळाला म्हणे रंग कळत नाहीत, पण उजेड कुठल्या दिशेनं हलतो ते कळतं. माझ्या डोक्यावरून गेलं. मग तिनं कपडे वाळत घालायची दोरी खिडकीच्या उभ्या गजांतून ओवली. एक टोक ह्यांच्याकडे दिलं. वरखाली हलवली तर लाट पलीकडे गेली, आडवी हलवली तर गजाला अडली. "उजेड असा हलतो. तुझी काळी काच म्हणजे हे गज. आणि माकुळाच्या पडद्यातच असे बारीक गज असतात, काही उभे, काही आडवे, बाजेच्या विणीसारखे. त्याला काळी काच लागतच नाही."

मी ताडकन उठले. "म्हणजे माझं डमरू!"

"कसलं डमरू?"

सांगितलं. पोरगी ब्लेड हातात धरून बघतच राहिली. म्हणाली, मॅडमना विचारते.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमनी पुस्तक शोधून उत्तर दिलं. इंद्रायणीनं त्यांच्या तोंडचं लिहून आणलं, ते जसंच्या तसं उतरवते. रजिस्टरातलं उलटं शिवलेलं पान आलंय, म्हणून रजिस्टर फिरवून लिहितेय.

"माणसाच्या पडद्याच्या मध्यभागी, जिथं नजर रोखली जाते तिथं, पिवळा ठिपका असतो. त्यातले पिवळे कण गोलाकार मांडलेले असल्यामुळे माणसालाही उजेडाची दिशा किंचित कळते. पिवळ्या डमरूसारखी आकृती दिसते. माकुळाच्या मानानं फारच कमी, पण हा दोष नव्हे. जवळजवळ प्रत्येकाला दिसते, फक्त लक्ष जात नाही. ज्याचा पिवळा ठिपका बिघडला त्याला मात्र ती दिसत नाही."

हा दोष नव्हे! मी हे वाक्य ह्यांना तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाले, "आता पेपरपण वाच. तुझा आवाज चांगला लागलाय." हल्ली रोज मलाच वाचायला लावतात. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर आवाज चांगला वाटायला लागलाय, वाटू दे.

२ मार्च, गुरुवार

हे सकाळपासून दाराच्या चौकटीमागं लागलेत. म्हणतात, हाउसिंग बोर्डाच्या कंत्राटदारानं वाकडी बसवली, मधे पोट आलंय. मी दोरी लावून दाखवली, सरळ आहे. म्हणाले, "दोरीच वाकडी हाय." एवढा हट्टी माणूस पिंपरी-चिंचवडात दुसरा नसेल.

आपल्याला काय, आपला उद्याचा विचार चाललाय.

३ मार्च, शुक्रवार

उद्धवरावांना गाठलं. म्हटलं, माझी परीक्षा घ्या. काळ्या काचेचा एक गोल तुकडा. त्याच्या कडेला मागून खूण करा, पुढं भोक पाडलेला पुठ्ठा लावा, म्हणजे मला खूण दिसणार नाही. तुम्ही तो हवा तसा फिरवा, मी दिशा सांगते. वीस वेळा. एक जरी चुकली तर जन्मभर लेबलं चिकटवते.

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा. पण डॉक्टरसाहेब समोर पाहिजेत."

उद्धवराव डोकं खाजवत म्हणाले, "बाई, तुम्ही आमचीच नोकरी घालवणार." पण हो म्हणाले. भला माणूस आहे.

घरी आल्यावर मात्र पस्तावले. एक जरी चुकली असं कशाला बोलले मी? तोंडाला कुलूप नाही माझ्या.

८ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत घेतली परीक्षा. अर्धी शिफ्ट बघायला जमली होती. डॉक्टरसाहेब खुर्ची ओढून बसले, हाताची घडी घालून. भिमाबाई टिपून घ्यायला.

पहिली, तिरकी. बरोबर. दुसरी, उभी. बरोबर. डमरू विरतं म्हणून मी मधे मधे डोळे मिटून घेत होते. लोकांना वाटलं देवाचं नाव घेतेय. भिमाबाई म्हणाली, "ती न्हाई घेत देवाचं नाव, तिला ठावं हाय काय करतीय ते!"

सोळाव्याला उद्धवराव म्हणाले, चुकलं. मी म्हटलं, "काच हलवू नका. खूण बघा." पुठ्ठा काढला. खूण मी म्हटलं तिथंच होती, उद्धवरावांनीच उजवं-डावं उलटं सांगितलं होतं. एकच हशा उसळला. वीसपैकी वीस.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "दिशा कळते हे मान्य. पण डाग आहे तो आहे."

मी काच त्यांच्या हातात दिली. "साहेब, दाराबाहेर या. ऊन नको, पांढऱ्या ढगाकडे बघा. आता काच हळूहळू फिरवा. मधोमध बघा, कडेला नको."

बराच वेळ काही नाही. काच फिरवतायत, मान वाकडी करतायत. आणि मग, "अरे!"

"पिवळं?"

"पिवळं... आणि दोन्ही बाजूंना निळसर."

"मग साहेब, तुम्हीपण उद्यापासून पॅकिंगला या."

माझं हे बोलणं जरा जास्त झालं, पण तेही हसले. कागद परत मागवून स्वतःच्या हातानं खोडला. सोमवारपासून बाक माझा. त्या गोल काचेला चरा गेलाय म्हणून उद्धवरावांनी गेटपास करून ती मला बक्षीस दिली.

शेवाळे हलवायाची बर्फी घेऊन घरी गेले. आज मी स्वतःवर फार खूश आहे. उगाच कशाला लपवू?

९ मार्च, गुरुवार

आज लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

चारच्या सुमाराला भिमाबाई आली. गच्चीवर काच घेऊन गेलो. तिला दिसलं, "अगं बाई, हळदीचं बोट!" इंद्रायणीला दिसलं. ह्यांना म्हटलं, या. नको म्हणाले. मी ओढून आणलं.

एका डोळ्यानं चांगलं दिसतं म्हणून मी मागं उभं राहून ह्यांच्या डाव्या डोळ्यावर माझा हात ठेवला. दुसऱ्या हातानं काच त्यांच्यापुढं धरली.

"दिसतंय?"

"व्हय, दिसतंय."

"कसं?"

"उभं."

मी काच डमरू आडवं दिसेल अशी धरली होती. फिरवली. "आता?"

"उभंच हाय."

अकरा वर्षं मी खोटा माल ओळखतेय. हात उचलून उजव्या डोळ्यावर ठेवला. "आता?"

हळूच म्हणाले, "तिरकं. उजवीकडं कललंय." बरोबर होतं.

भिमाबाईला खाली जा म्हटलं. इंद्रायणी काय समजायचं ते समजली होती. कपातून सांडलेला चहा, चौकटीचं पोट, पेपर, आणि ती फुली. फुली! पोट धरून हसले होते मी.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासनं. उजव्या डोळ्यात मधोमध धुराचा गोळा हाय. ज्याच्याकडं बघावं तेच गडप. कडंचं दिसतं."

"आणि क्रेन चालवताय? वितळलेल्या लोखंडाच्या रसाची कढई घेऊन? खाली माणसं असतात अहो!"

"परवा कढई वीतभर आधीच टेकली. कुणाला लागलं न्हाई."

"सांगितलं का नाही मला?"

ते माझ्याकडे बघत होते, का माझ्या शेजारी, कळेना. "सांगणारच हुतो. त्याच आठवड्यात तू डॉक्टरला खरं सांगून आलीस. अकरा वरसं बाक सांभाळलेली बाई, तुला लेबलं चिकटवायला बसवलं. मला तर झाडू देतील कस्तुरा."

मी खाली आले, रजिस्टर उघडलं आणि फिरवून उलटं पान वाचलं. शेवटचं वाक्य माझ्याच अक्षरात आहे. ज्याचा पिवळा ठिपका बिघडला त्याला मात्र ती दिसत नाही. मॅडमनी सांगितलं, लेकीनं आणलं, मी सुवाच्य उतरवलं आणि तीनदा वाचून दाखवलं ते दुसरंच वाक्य.

फार लाज वाटली आज मला.

१४ मार्च, मंगळवार

शुक्रवारी सकाळी ह्यांच्या फोरमनकडे मी सोबत गेले. फाटकाशी थांबले. आत हेच बोलले, सगळं, कढईचंसुद्धा. क्रेनवरून उतरवलं. पण झाडू नाही दिला, साच्यांच्या स्टोअरला बसवलंय. फोरमन म्हणाला, वेळेवर सांगितलंस.

आज पुण्याच्या दवाखान्यात डोळ्यात औषध घालून तपासलं. पिवळ्या ठिपक्याखाली पाणी साठलंय. बऱ्याचदा चारसहा महिन्यांत आपोआप सुकतं, पण सुकेलच असं लिहून देता येत नाही, असं मोठे डॉक्टर म्हणाले. नजर सुधारतेय का हे घरी कसं कळणार, असं ह्यांनी विचारलं. मी पिशवीतून काच काढली.

बसमध्ये मी म्हटलं, "माकुळाचं बरं आहे नाही? आंधळी जागाच नाही."

म्हणाले, "त्याला बायको न्हाई तपासायला."

६ जुलै, गुरुवार

मधे लिहायला काही झालं नाही. बाकावर मी रोज, स्टोअरला हे रोज. सकाळी निघण्याआधी खिडकीपाशी एक रिवाज पडलाय. मी ह्यांच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवते, काच धरते आणि विचारते. एप्रिलभर, "काय न्हाई." मेभर, "काय न्हाई." एकदा मलाच बरं वाटावं म्हणून "दिसल्यागत वाटतंय" म्हणाले, तेव्हा मी तीन दिवस बोलले नाही. त्यानंतर पुन्हा कधी खोटं बोलले नाहीत.

आज ढग होते, पांढरे. काच धरली.

"काय न्हाई," म्हणाले. मी हात काढणार, तर मनगट धरलं. "थांब. परत फिरव."

फिरवली.

"हळू."

हळू फिरवली.

"पिवळं न्हाई म्हणता येत. पण कायतरी फिरलं. आता आडवं झालंय."

आडवं होतं. तपासणी अर्धी सोडायची नसते. न सांगता काच तिरकी केली.

"तिरकं. डावीकडं."

डावीकडे होतं. पुन्हा फिरवली, पुन्हा बरोबर. मग मात्र मी काच खाली ठेवली. इंद्रायणी दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी रजिस्टर ओढलं आणि रडत-हसत म्हटलं, "पास लिहू का हो?"

ते दाराच्या चौकटीकडे बघत होते, वरपासून खालपर्यंत.

"अजून पोट हाय तिला थोडं," म्हणाले. "आज न्हाई लिहायचं. उद्या परत तपास."